रॉबिन डे यांचा सोफा आणि रबरी नवार

सोफा हॉलमध्ये आणून पहिल्यांदा आडवा केला तेव्हा खालून कार्पेटवर पिवळट तपकिरी भुगा सांडला, थोडाथोडका नाही, सूपभर. नवरा म्हणाला वाळवी आहे, आत्ताच्या आत्ता बाहेर काढ. वाळवी नव्हती. तो साठ वर्षांपूर्वीचा लेटेक्स फोम होता, म्हणजे रबराच्या चिकाचा स्पंज, तो इतक्या वर्षांत आधी कडक होतो आणि मग बोटाने दाबला तरी त्याचं पीठ होतं. तिथपासून सोफ्यावर माणूस बसेपर्यंत साडेसात महिने गेले आणि त्यातला प्रत्येक टप्पा मला लिहून ठेवायचाय, कारण इंग्लंडमध्ये राहणाऱ्या आपल्यापैकी कितीतरी जणांना लिलावात किंवा चॅरिटी शॉपमध्ये असं जुनं फर्निचर दिसतं, आवडतं, आणि घरी आणल्यावर पुढे काय करायचं हे सांगणारं मराठीत कुणी भेटत नाही.

सोफा आहे फॉर्म ग्रुप, डिझायनर रॉबिन डे, कंपनी हिल, डिझाइन १९६०चं. दुसऱ्याच वर्षी ह्याला डिझाइन सेंटर अवॉर्ड मिळालं होतं. खाली चौकोनी पोलादी नळीची लांब फ्रेम, तिच्यावर सीटचे तुकडे आणि टेबलाचा तुकडा हवे तसे शेजारी शेजारी बसवायचे, म्हणजे नुसत्या सीट घ्या, किंवा सीट आणि शेजारी टेबल घ्या. आज हे ऐकून कुणाला विशेष वाटणार नाही, मॉड्युलर शब्द तर आता किचनवाल्यांच्याही तोंडात असतो, पण तेव्हा इंग्लंडमधल्या बऱ्याच घरांत सोफा म्हणजे जमिनीपर्यंत झालरी असलेला, गुबगुबीत, हलवायला चार माणसं लागणारा प्रकार होता. डे यांनी सोफा जमिनीपासून उचलला, बारीक पायांवर उभा केला, खालून फरशी दिसायला लागली, झाडू फिरायला लागला, आणि युद्धानंतरच्या छोट्या घरांत खोली एकदम मोठी वाटायला लागली. मला हा सोफा का आवडतो ह्याचं उत्तर खरं तर एवढंच आहे, त्याच्यात लपवालपवी नाही, कुठला भाग कशावर टेकलाय हे डोळ्यांना दिसतं.

मी हाय वायकोंबला राहते. आम्ही नऊ वर्षांपूर्वी इथे आलो ते नवऱ्याच्या नोकरीमुळे, आणि लंडनच्या मॅरिलबोन स्टेशनवरून गाडी सरळ येते म्हणून, बाकी गावाबद्दल काही माहीत नव्हतं. मग हळूहळू कळलं की हे खुर्च्यांचं गाव आहे. आजूबाजूच्या चिल्टर्न टेकड्यांवर बीच नावाच्या झाडांची जंगलं, त्यात बॉजर म्हणून कारागीर असायचे, ते झाडाखालीच लेथ मांडून खुर्च्यांचे पाय कातायचे आणि गावातल्या वर्कशॉपमध्ये आणून विकायचे, तिथे विंडसर खुर्ची जोडली जायची. १८७७ साली व्हिक्टोरिया राणी इथे आली तेव्हा गावकऱ्यांनी रस्त्यावर फुलांची नाही तर खुर्च्यांची कमान उभारली होती, एकावर एक रचून! इथल्या फुटबॉल क्लबला अजूनही चेअरबॉईज म्हणतात. आणि ह्याच गावात १९१५ साली रॉबिन डे जन्मले, इथल्याच आर्ट स्कूलमध्ये शिकले, मग लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये गेले.

हे नाव मी गावातल्या म्युझियममध्ये पहिल्यांदा नीट वाचलं आणि घरी येऊन शोधलं, तर लक्षात आलं की ह्या माणसाच्या खुर्च्यांवर मी कितीदा बसलेय. शाळांमध्ये, चर्चच्या हॉलमध्ये, दवाखान्यात जी प्लॅस्टिकची एकसंध टब असलेली, खाली लोखंडी पाय असलेली खुर्ची दिसते ना, ती पॉलिप्रॉप, डे यांनी १९६३ मध्ये हिलसाठी काढलेली. २००९ मध्ये रॉयल मेलने ब्रिटिश डिझाइनची तिकिटं काढली त्यात कॉन्कॉर्ड, मिनी गाडी, लाल टेलिफोन बूथ ह्यांच्या रांगेत ही खुर्ची आहे. रॉयल फेस्टिव्हल हॉलमधल्या १९५१च्या खुर्च्या त्यांच्या, बार्बिकनमधल्या त्यांच्या, लंडन अंडरग्राउंडच्या प्लॅटफॉर्मवरचे काही भोकाभोकांचे पोलादी बाकसुद्धा त्यांचेच. म्हणजे ज्यांनी रॉबिन डे हे नाव कधीच ऐकलं नाही अशा लोकांच्या पाठीला आयुष्यभर त्यांनीच टेकू दिलाय. मला ह्या गोष्टीचं फार अप्रूप वाटलं. तेव्हाच ठरवलं की घरात एक तरी वस्तू ह्या माणसाची हवी, आणि ती रोज वापरायची हवी, शोकेसमध्ये ठेवायची नाही.

शोधायला दोन वर्षं गेली. डीलरकडे फॉर्म ग्रुप मिळतो, पण नवीन कापड, नवीन फोम घातलेला, आणि किंमत आमच्या आवाक्याबाहेर. ह्याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण डे यांची सगळी धडपड साध्या माणसाला परवडेल अशा वस्तू करण्याची होती. १९४८ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने स्पर्धा घेतली ती मुळी स्वस्त फर्निचरचीच होती आणि त्यात क्लाइव्ह लॅटिमर ह्यांच्यासोबत डे यांना साठवणीच्या कपाटांसाठी बक्षीस मिळालं, त्यावरूनच हिलवाल्यांचं त्यांच्याकडे लक्ष गेलं. हिल म्हणजे रशियातून आलेल्या सॅलमन हिल ह्यांनी १९०६ साली लंडनच्या ईस्ट एंडमध्ये काढलेला कारखाना, तिथे जुन्या राजेरजवाड्यांच्या शैलीच्या फर्निचरच्या नकला बनायच्या, आणि पुढे त्यांच्या नातीने आणि नातजावयाने डे यांना हाताशी धरून कंपनीचं तोंडच बदललं. मला ही गोष्ट फार आवडते, घराण्याचा चालता धंदा असताना असं वळण घ्यायला छाती लागते.

शेवटी एका छोट्या लिलावात हा दिसला. कॅटलॉगमध्ये फोटो अंधारे, वर चॉकलेटी मखमलीसारखं कापड, आणि लिहिलेलं काय तर 'अॅट्रिब्युटेड टू रॉबिन डे'. हा शब्दप्रयोग लक्षात ठेवा. 'बाय' लिहिलं असेल तर लिलाववाला जबाबदारी घेतोय, 'अॅट्रिब्युटेड टू' म्हणजे आम्हाला तसं वाटतंय, आणि नुसतं 'स्टाइल' किंवा 'मॅनर' असेल तर त्याचा त्या डिझायनरशी काही संबंध नाही असंच धरून चालायचं. लिलावाच्या आदल्या दिवशी बघायला ठेवतात तेव्हा मी टॉर्च, टेप आणि आरसा घेऊन गेले. आरसा अशासाठी की सोफा उलटा करू देत नाहीत, मग आरसा खाली सरकवायचा आणि टॉर्चने बघायचं. मधल्या पट्टीला हिलचं लेबल अर्धं फाटलेलं पण वाचता येत होतं. लेबलवर भरवसा ठेवू नये, ते दुसरीकडून काढून चिकटवता येतं, म्हणून मी फ्रेमची नळी मोजली, जोड बघितले, बोल्ट बघितले, त्या काळच्या कॅटलॉगच्या स्कॅनशी मोबाईलवर ताडून बघितले. बोल्ट सगळे एका जातीचे आणि सारखेच गंजलेले होते, ह्याचा मला लेबलपेक्षा जास्त दिलासा मिळाला.

हातोडा २४० पौंडांवर पडला. त्यावर खरेदीदाराचं कमिशन आणि कमिशनवर व्हॅट धरून ३१२ झाले, हे आधी मोजून ठेवा नाहीतर बोली लावताना भान राहत नाही. व्हॅनचे ६०. आणि इथे ह्या सोफ्याची पहिली खरी किमया कळली, आमचं घर टेकडीवर, दार अरुंद, आत शिरल्या शिरल्या जिना, आधीच्या सोफ्याला खिडकी काढावी लागली होती, पण हा सोफा व्हॅनच्या मागेच पाना लावून उघडला आणि नवरा आणि मी दोघांनी एकेक तुकडा हातात धरून आत नेला.

मग तो भुगा. आणि मग प्रश्न, आता हे करायचं कुणी. दोन अपहोल्स्टररकडे, म्हणजे सोफ्याचं भरण आणि कापड बदलून देणाऱ्यांकडे, विचारलं, एकाने सांगितलेली रक्कम सोफ्याच्या तिप्पट, दुसऱ्याने सांगितलं की आतलं सगळं काढून जाड फोम भरतो, मस्त गुबगुबीत करून देतो. गुबगुबीत! मी तिथून निघाले आणि संध्याकाळच्या अपहोल्स्ट्रीच्या क्लासला नाव घातलं, दर बुधवारी अडीच तास, दोन टर्म, २१० पौंड. आमच्या शिकवणाऱ्या बाई सत्तरीच्या, ह्याच गावातल्या वर्कशॉपमध्ये सोळाव्या वर्षापासून काम केलेल्या. त्यांनी पहिल्या दिवशी माझ्या सीटवरून फक्त हात फिरवला आणि म्हणाल्या, "हा वर दिसतोय तो दुसरा थर आहे, खरा सोफा ह्याच्या खाली आहे."

उघडताना घाई करायची नाही हा त्यांचा पहिला धडा. प्रत्येक कापड काढायच्या आधी फोटो, मग कापडाच्या मागे खडूने लिहायचं, डावी सीट, पुढची कड, वरची बाजू, आणि ते फेकायचं नाही, त्याच्यावरूनच नवीन कापड बेतायचं. चॉकलेटी कापड स्टेपलने मारलेलं होतं, शेकडो स्टेपल, एकेक पिन उचकटायची, पक्कडीने ओढायची, तीन बुधवार नुसते त्यात गेले आणि उजव्या हाताच्या तळव्याला फोड आला. त्या कापडाखाली बारीक निळसर खिळे लागले, स्टेपल नव्हे, आणि बाई म्हणाल्या हे मूळ काम. सीटच्या मागच्या घडीत, जिथे ऊन कधी पोचलंच नाही, तिथे बोटभर रुंदीची मूळ लोकरी कापडाची पट्टी शिल्लक होती. मोरपिशी. इतका स्वच्छ मोरपिशी रंग, जणू काल गिरणीतून आला. बाकी ठिकाणी त्याच कापडाचा रंग उडून राखाडी झालेला, त्यामुळे ती पट्टी मिळाली नसती तर मी राखाडी कापड आणून तेच मूळचं समजले असते. मी ती पट्टी हातात घेऊन किती वेळ बसले होते माहीत नाही, आजूबाजूच्यांची कामं आवरून झाली होती.

आता नवार. आपल्याकडे नवारीची खाट असते ना, कराडला माझ्या माहेरी पडवीत होती, दर दोन-तीन वर्षांनी नवार सैल पडली की बाबा आणि काका दोघं समोरासमोर बसून ओढून पुन्हा विणायचे. सोफ्याच्या सीटखाली अगदी तेच असतं, फक्त १९५०च्या दशकात सुती तागाच्या नवारीऐवजी आणि स्प्रिंगांऐवजी रबरी नवार आली. इटलीच्या पिरेली कंपनीची, म्हणून इथे जुने कारागीर सगळ्याच रबरी नवारीला पिरेली म्हणतात. रबराच्या दोन थरांमध्ये तिरक्या कापलेल्या दोऱ्यांचे थर दाबलेले असतात, त्यामुळे ती ताणली जाते पण एका मर्यादेपुढे जात नाही. ही नवार आली म्हणूनच सोफे इतके पातळ होऊ शकले, स्प्रिंगला उंची लागते, नवारीला लागत नाही. डे यांच्या सोफ्याची जी सडपातळ बाजू बघून जीव हरखतो तिचं अर्धं श्रेय ह्या रबराला आहे. पण रबर शेवटी रबर, पन्नास-साठ वर्षांत ते वाळतं, चिरा पडतात, लोंबतं, माझ्या सोफ्याची एकूण एक पट्टी मोडली, हातात घेतली की बिस्किटासारखा तुकडा पडायचा. त्यामुळे कुठलाही १९५० किंवा ६०चा सोफा घेताना सीटखाली हात घालून नवार दाबून बघा आणि ती बदलावी लागणार असंच धरून भाव करा.

नवीन रबरी नवार पाच सेंटिमीटर रुंदीची मिळते, ४५ पौंडांत सगळी आली. त्याआधी बीच लाकडाच्या चौकटीतली जुन्या खिळ्यांची भोकं बुजवायची होती, लाकडाचा भुसा आणि सरस कालवून ती लापशी प्रत्येक भोकात भरायची आणि वाळू द्यायची, नाहीतर नवीन खिळा धरत नाही. एका कोपऱ्यात लाकूडकिड्याची भोकं होती, त्यातून पीठ पडत नव्हतं म्हणजे जुनी असावीत, तरी औषध लावून दोन आठवडे तशीच ठेवली. मग नवार. आधी एक टोक ठोकायचं, मग ताणून दुसरं, आणि किती ताणायची ह्याला माप आहे, साधारण दहा टक्के, म्हणजे साठ सेंटिमीटरच्या जागेला चोपन्नच्या आसपास नवार. मी पहिल्या सीटला जोर लावून भरपूर ताणली, वाटलं घट्ट म्हणजे चांगली. बाईंनी त्यावर तळवा ठेवला आणि म्हणाल्या पाट झालाय, सगळी काढ. सगळी काढली. दुसऱ्यांदा प्रत्येक पट्टीवर पेनाने खूण करून मोजून ताणली, एकसारखी, आणि दाबल्यावर ती जी हळूच खाली जाऊन वर आली ना, अगदी पडवीतल्या खाटेसारखी, तेव्हा मला एकदम घरची आठवण आली.

फोमच्या बाबतीत मात्र कायदा मध्ये येतो आणि तो नीट समजून घ्या. १९७९ मध्ये मँचेस्टरच्या एका मोठ्या दुकानात विक्रीच्या फर्निचरला आग लागली, पॉलियुरेथेन फोमचा विषारी धूर झाला आणि दहा माणसं गेली. अशा आगींनंतर १९८८ मध्ये ब्रिटनमध्ये घरगुती फर्निचरच्या आगीबाबत कडक नियम आले. १ जानेवारी १९५० च्या आधी बनलेल्या फर्निचरला सूट आहे, पण त्यानंतरचं काहीही व्यापारी विकणार असेल तर आतलं भरण आणि वरचं कापड दोन्ही नियमात बसायला लागतं. म्हणजे ज्या काळातले सोफे आपल्याला हवे असतात नेमके तेच कात्रीत सापडतात. म्हणून डीलरकडे मूळ कापडातला फॉर्म ग्रुप सहसा दिसत नाही, किंवा दिसला तर 'फक्त रिअपहोल्स्ट्रीसाठी' अशी चिठ्ठी असते. मी स्वतःच्या घरासाठी करत होते, विकायचा नव्हता, पण घरात लहान मूल आहे आणि दहा माणसांच्या त्या गोष्टीनंतर मला ह्यात पळवाट काढायची इच्छाच झाली नाही. मूळ लेटेक्स वाचवता आलं तर वाचवू असं सुरुवातीला मनात होतं, ते सोडून दिलं. सीएमएचआर म्हणतात तो फोम घेतला, तो सहज पेट घेत नाही, सीटला दहा सेंटिमीटरचा घट्ट आणि पाठीला साडेसातचा मऊ, कापून १४० पौंड.

फोम थेट कापडाखाली घालत नाहीत, त्यावर डॅक्रॉन म्हणजे पॉलिस्टरची पांढरी लादी गुंडाळतात, कापड घसरायला आणि कोपरे भरायला. इथे माझी मोठी चूक झाली. दुकानात जाड डॅक्रॉन स्वस्त होतं ते आणलं, गुंडाळलं, वर जुनं कापड तात्पुरतं ताणून बघितलं तर सीट मधोमध फुगलेली, कडा गोल, उशीसारखी. मऊ होती, छान होती, नवऱ्याला तर फार आवडली. पण ती रॉबिन डे यांची सीट नव्हती. ह्या सोफ्याचा जीव त्याच्या सरळ रेषेत आहे, पोलादी नळीची आडवी रेघ, तिच्यावर सीटच्या कडेची रेघ, ती दुसरी रेघ फुगली की पहिली हरवते. माझ्या मते जुन्या सोफ्यांचं सगळ्यात जास्त नुकसान ऊन, मांजर, वाळवी ह्यांनी नाही, अशा जाड भरणानेच होतं, दुरुस्त झाला म्हणून फोटो टाकतात आणि त्यात मूळ आकार कुठेच नसतो. मी डॅक्रॉन काढलं, पातळ आणलं, कडेला फक्त एक पदर.

कापडावर सगळ्यात जास्त खर्च झाला आणि त्याचं मला जराही वाईट वाटलं नाही. ती मोरपिशी पट्टी पाकिटात घालून मी नमुने मागवत राहिले, एकवीस नमुने आले, दिवसाउजेडी आणि रात्री दिव्याखाली दोन्ही वेळा लावून बघितले, शेवटी यॉर्कशरच्या एका गिरणीचं शंभर टक्के लोकरीचं कापड जुळलं, मीटरला ४८ पौंड, सहा मीटर लागलं, २८८. लोकरीचा दुसरा फायदा असा की ती मुळातच लवकर पेटत नाही, आणि किमान पंचाहत्तर टक्के लोकर, सूत, रेशीम असे धागे असलेल्या कापडाला रसायनाचा लेप देण्याऐवजी खाली आगरोधक अस्तर घालायची मुभा नियमांत आहे, मी तेच केलं. कापड घासून झिजतं किती हे मार्टिनडेल नावाच्या चाचणीने मोजतात, रोजच्या वापराला बाईंनी २५,००० च्या वरचंच घ्यायला सांगितलं होतं. अस्तर, धागे, खिळे, डॅक्रॉन, लाकडाचं तेल असं किरकोळ धरून अजून ५० गेले. क्लास सोडून एकूण ८९५.

कापड ताणायला शेवटचे पाच बुधवार लागले. आधी चारही बाजूंच्या मध्यावर एकेक खिळा, मग मध्यापासून कोपऱ्याकडे, विणीची रेघ सरळ राहतेय ना हे सारखं बघत. कोपरा मी आठ वेळा उलगडून परत घातला असेन.

फ्रेमला त्या मानाने कष्ट कमी. क्रोमवर गंजाचे ठिपके होते, त्याला स्वयंपाकघरातली अॅल्युमिनियमची फॉइल पाण्यात बुडवून हलक्या हाताने घासली की ठिपके जातात, मोठी खड्डे पडलेली जागा जात नाही. एका पायाजवळ तशी जागा आहे आणि कुणीतरी परत क्रोमिंग करून घे म्हणून सुचवलं होतं, नाही केलं. पोलाद, बीचची चौकट आणि टेबल, एवढंच मूळचं शिल्लक राहिलंय ह्या सोफ्यात, मऊ म्हणावं असं सगळं बदललं, मग जे उरलंय त्यावरची वर्षं पुसून टाकायला माझा हात धजावला नाही. टेबलाची वरची फळी सागाच्या व्हिनियरची, म्हणजे वर चिकटवलेल्या लाकडाच्या थराची, त्यावर कपांची दोन वर्तुळं. व्हिनियर कागदासारखं पातळ असतं, पॉलिश पेपर मारायला गेलात तर आरपार जाल, म्हणून नुसतं साबणाच्या ओल्या फडक्याने पुसून वाळवलं आणि तेल दिलं. एक वर्तुळ गेलं, एक राहिलं.

हे सगळं चालू असताना सासूबाई साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. त्यांचं म्हणणं सुरुवातीपासून एकच, एवढ्या पैशात नवीन आला नसता का. मी त्यांना सांगितलं की नवीन स्वस्त सोफा आठ-दहा वर्षांत बाहेर काढावा लागतो, आणि इथे आगरोधक रसायनं असलेले जुने सोफे आता कचऱ्याच्या डेपोत पुरतासुद्धा येत नाहीत, इंग्लंडमध्ये २०२३ पासून ते जाळावेच लागतात. त्यावर त्या काही बोलल्या नाहीत. मग एका रविवारी मी घरी सीटवर पातळ डॅक्रॉन गुंडाळत होते तर शेजारी येऊन बसल्या, पदर खोचला आणि कडा धरायला लागल्या. म्हणाल्या, "आमच्याकडे दिवाळीआधी पिंजारी यायचा, अंगणात बसून धनुकलीने कापूस पिंजायचा, जुन्याच कापसाची गादी परत नवी व्हायची. तसंच आहे की गं हे." मी म्हटलं, "हो आई, तसंच आहे." त्यानंतर त्या पैशाचं कधी बोलल्या नाहीत, उलट साताऱ्याला फोन करून जावेला सांगत होत्या की आमच्या सूनबाईने गादी-कारखाना काढलाय.

मे महिन्यात सोफा जोडला. फ्रेम भिंतीपासून वीतभर लांब ठेवली, कारण हा सोफा मागूनही बघण्यासारखा आहे. तीन सीट आणि खिडकीच्या बाजूला टेबल. बाईंना चहाला बोलावलं होतं, त्या आल्या, बसण्याआधी खाली वाकून नवार बघितली, कोपऱ्यांवरून अंगठा फिरवला, डाव्या सीटच्या मागच्या कोपऱ्यावर थांबल्या आणि म्हणाल्या इथे अर्धा खिळा वर आलाय. मग बसल्या.

आईंना आधी काळजी होती, "अगं, ह्याला हात कुठेत? उठताना धरायचं काय?" खरंय, ह्याला हात नाहीत. गुडघे दुखणाऱ्या माणसाने ह्याचा विचार करूनच घ्यावा, सीट बऱ्यापैकी खाली आहे. आमच्याकडे आई टेबलाच्या बाजूच्या सीटवर बसतात आणि उठताना टेबलावर तळवा टेकतात, ते पोलादी फ्रेमवर पक्कं बसवलंय, हलत नाही. आणि हात नाहीत म्हणूनच त्यांना पाय वर घेऊन ऐसपैस मांडी घालून बसता येतं, आधीच्या सोफ्यावर ते कधी जमलं नाही. सकाळी साडेदहाला ऊन त्या सीटवर येतं, मला रंग उडायची धास्ती वाटते, पडदा ओढायला जाते तर आई म्हणतात, "राहू दे गं, ऊन बरं वाटतंय." मी पडदा तसाच ठेवते. पाऊण मीटर कापड उरलंय, ते आणि ती जुनी मोरपिशी पट्टी दोन्ही कपाटात अंधारात गुंडाळून ठेवलंय.